मोठ्या मायची हरपलेली बकरी

तुमच्या आईला रिकाम्या हातानं रस्त्यावरून चालताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? डोक्यावर ओझं नाही, काखेत पोर नाही, हातात पिशवी नाही आणि कुठं पोचायची घाईही नाही, अशी? आठवून पाहा. मला तर एकदाही आठवेना. हा प्रश्न मला ज्या बाईमुळे पडला, ती माझी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्याइतकी थोर खोटारडी बाई अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. खोटं बोलणाऱ्यांवर मी आजवर पुष्कळ पत्रकं काढली, पण या एका खोट्यापुढं माझी लेखणी हात जोडून उभी आहे.

करडी गावाच्या अलीकडं आमचं छोटं गाव. घरचा धंदा तलावातल्या माशांचा. तीस वर्षं मोठी माय डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासे विकत हिंडली, आणि त्या तीस वर्षांत तिच्या नजरेचाच तराजू झाला. माणूस समोर आला की ती आधी त्याचं वजन करते, मग खुशाली विचारते. मी नागपूरहून सुट्टीत आले की दारातच ऐकू येतं, "सव्वा किलो उतरली पोरगी. काय खाऊन राहिली वं तिकडं?" एका लग्नात तिनं बोहल्यावरच्या नवरदेवाला भर मांडवात तोललं होतं, "छप्पन भरते. त्यातले दोन किलो फेटा न् जोडे." पुढं मुलानं मोटारसायकल घेतली, टोपली गाडीच्या मागं बांधली गेली आणि मोठी माय बाजारात छत्रीखाली काट्यापाशी बसली. ती बसली ती बसलीच. पोट सुटलं, बीपी वाढलं, साखर वाढली, रक्तातली वाईट चरबी चढली आणि चांगली उतरली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ही पाच दुखणी एकमेकांचा हात धरून येतात आणि त्या टोळीला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मोठ्या मायला नाव आवडलं. गोळ्या त्याहून आवडल्या. संक्रांतीचं वाण लुटावं तशा त्या ती शेजारणींत वाटायची. "घे वं, मले गुण आला, तुलेही येईन." ही सवय मोडायला डॉक्टरीणबाईंना दोनदा ओरडावं लागलं.

हसण्यासारखं सगळं इथपर्यंतच होतं. नंतर तिची पोटरी दुखू लागली. शंभर पावलं चालली की गोळा यायचा, थांबली की जायचा. डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा आधी दंडाला बांधला, मग घोट्याला, आणि त्या गंभीर झाल्या. पायापर्यंत रक्त पुरेसं पोचत नव्हतं. मोठी माय त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली, कारण तिची धाकटी बहीण तिच्याच घरी राहते आणि साखरेपायी त्या बहिणीचा पाय गुडघ्याखालून कापलेला आहे.

"औषधं चुकवू नका आणि रोज चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बसून राहिलं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर ताठर होतं. चाललं की रक्त वेगानं धावतं, त्यानं ते अस्तर जागं होतं आणि नळी सैल पडते. पोटरी दुखली की थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला."

"समजलं. पाटासारखं हाय. पाणी सोडलं नाई का पाट गवतानं बुजते. पन चालू कुठं जी?"

"कुठंही नाही. जायचं आणि परत यायचं."

"परत तिथंच याचं हाय, तं मंग जाचं कायले?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बाई काम करताना कोसभर चालली तरी तिचं चालणं कुणाला दिसत नाही. बिनकामाची दहा पावलं टाकली की गावाला डोळे फुटतात. पहिल्याच संध्याकाळी मोठी माय तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रिकाम्या हातानं गेली, तर वाटेत सात जणांनी विचारलं, "कुठं चालली वं?" ती म्हणाली, "अशीच." अशीच! ती घरी परत येईपर्यंत गावभर झालं होतं की म्हातारी सुनेशी भांडून घर सोडून निघाली. सून ओट्यावर रडत बसलेली. मी तावातावानं पत्रक लिहिलं, 'बाईचं चालणं हा बाईचा हक्क आहे', आणि शंभर प्रती काढून आणल्या. मोठ्या मायनं सुनेकडून ते वाचून घेतलं, "बराबर लिवलं बाई," म्हणाली, आणि त्यात अर्धा किलो झिंगे बांधून गिऱ्हाइकाला दिले.

दुसऱ्या दिवशी तिची बकरी हरपली.

"कुठं चालली वं?" "बकरी पाहाले." प्रश्न खतम. बकरी शोधणाऱ्या बाईला कोण अडवणार? ती पाळीवरून चालायची, पोटरीत गोळा आला की थांबून बेशरमच्या झुडपात डोकावायची, "चांदीऽ, ये ये ये" अशी हाक मारायची, आणि दुखणं गेलं की पुढं निघायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम तंतोतंत! चौथ्या दिवशी शेजारीण सोबत आली. "तू एकटी कुठं कुठं पाहशीन बाई?" पंधरवड्यात दहा-बारा बायका झाल्या. अख्खी पाळ, एक फेरी, मग दोन, मग तीन. बकरीचं वर्णन मात्र पक्कं नव्हतं.

"काल तं काळी सांगत होती, आज कबरी कशी झाली वं?"

"उनानं रंग उडते."

दोन महिने हे चाललं. मग एका संध्याकाळी पोलीस पाटील पाळीवर आले, हातात दोर, दोराला बकरी. चेहऱ्यावर खुनाचा छडा लावल्याचं तेज.

"घ्या काकू, तुमची चांदी. शेजारच्या गावात मोकाट फिरून राहिली होती. आता कोनाले हिंडाची गरज नाई."

सगळ्या बायका थबकल्या. मोठ्या मायनं बकरीला खालून वर पाहिलं. "हे माही नोहोय. हे अठरा किलोची हाय, माही बावीसची होती."

"दोन महिने उपाशी फिरली, उतरली असंन."

तीस वर्षांत मोठ्या मायनं केलेलं वजन कुणी असं खोडलं नव्हतं. आता बकरी घ्यायची, तर उद्यापासून घरी बसायचं. नाकारायची, तर पाटील खऱ्या बकरीचा छडा लावायला निघणार आणि खोटं उघडं पडायचं. तिनं एकदा पायाकडं पाहिलं आणि ताठ उभी राहिली.

"माह्याजवळ बकरी नोतीच पाटील. कधीच नोती."

"मंग दोन महिने शोधून काय राहिली होती?"

"पाय. माह्या बहिनीचा गेला. माहा वाचवून राहिली मी. उद्याही चालीन. बकरीबिगर चालीन."

मग शेजारणीनं पदर खोचला. "आमाले पहिल्याच दिवशी मालूम होतं बाई. तुह्या दारात खुटा नाई, बकरी कुठून येईन? पन आमालेही चालाचं होतं ना!"

साऱ्याजणी अशा हसल्या की तलावावरचे बगळे उडाले. त्या गलक्यानं बकरी बिचकली आणि तिनं पाटलांना पाळीच्या टोकापर्यंत फरफटत नेलं. त्यांचीही एक फेरी झाली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी घोट्याचं बीपी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसेना. रक्त पायापर्यंत उतरू लागलं होतं. मोठी माय आता देवळापर्यंत न थांबता जाते, परकराची नाडी चार बोटं आत बांधते. साखर गेलेली नाही, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण गोळा पोटरीतून गेला आणि भीती घरातून. जिंकलेले लढे मी फार पाहिले नाहीत. हा पाहिला.

आता संध्याकाळी पाळीच्या टोकाशी, मोहाच्या झाडाखाली, तिच्या धाकट्या बहिणीची खुर्ची ठेवतात. ती फेऱ्या मोजते. बायका जवळ आल्या की मुद्दाम ओरडते, "कुठं चालल्या वं?" आणि साऱ्या एका दमात ओरडतात, "कुठंच नाई!" धाकटी खूप हसते. मग त्या पुढं जातात आणि ती त्यांच्या पावलांकडं बघत राहते. मोठी माय एकदाच म्हणाली होती, "हिचीही बकरी हरपाले पाहिजे होती बाई. टाइमावर."

म्हणून एक मागणं आहे. रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली, तर तिला 'कुठं चालली' विचारू नका. तो प्रश्न विचारायचा हक्क तेवढा त्या खुर्चीतल्या बाईला राहू द्या. आणि आज दिवस कलताना घरी जा, आईच्या हातातली पिशवी काढून खुंटीला अडकवा, आणि तिच्यासोबत कुठंच न जाण्यासाठी बाहेर पडा.