उत्तमरावांचे वाळवलेले सेल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक उत्तमराव पगारे, कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे लिहिण्याचा त्यांना पगार मिळायचा. दोन मिनिटं उशिरा आलेल्या माणसाला ते अशा नजरेनं बघत की पुढची दोन वर्षं तो वेळेवर यायचा. ही नजर त्यांनी घरीही आणली होती, त्याचा पगार मात्र कुणी देत नव्हतं.

घरात त्यांची एकच चैन होती, टेपरेकॉर्डर. रेडिओही त्यातच, म्हणून त्याला टू-इन-वन म्हणायचं. घेऊन चार वर्षं झाली तरी बटणांवरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता. माझ्या बहिणीनं, सुमनताईनं, त्याला जुन्या लुगड्याचं जाड कव्हर शिवलं होतं. त्यावर पॉलिथीनची पिशवी, पिशवीवर सुतळी. एवढं सोडून गाणं लावायचं म्हणजे गाणं ऐकायची हौस अर्ध्या वाटेतच फिटायची. म्हणून घरात गाणं क्वचितच लागायचं आणि टेप एकदम नवाकोरा राहिला, याचं दाजींना फार कौतुक होतं.

चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात दाजींच्या आत्याचं, भीमाबाईंचं, पत्र आलं. भीमाबाई अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्या पुढे राहायच्या. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. येत्या गुरुवारी नाशिकला ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज जाईल.

आवाज जाणं म्हणजे काय, हे आमच्या घराला नीट कळत होतं. दाजींचे वडील, तात्या, जलशाची गाणी बांधायचे. गावोगाव पायी फिरून ती म्हणायचे. लिहिता येत नसल्यामुळं एकही गाणं कागदावर नव्हतं. तात्या गेले, त्यांचे जोडीदार गेले, आणि ती सगळी गाणी एकट्या भीमाबाईंच्या गळ्यात उरली. त्या नऊ वर्षांच्या असल्यापासून भावाच्या मागं उभ्या राहून झील धरायच्या. आता तो गळाच कापला जाणार होता.

दाजींनी जन्मात पहिल्यांदा रजा टाकली. मी काष्टीच्या शाळेत मास्तर, सुट्टीला ताईकडं आलो होतो. मला सोबत घेतलं ते प्रेमानं नव्हे. टेपला एक मांडी कमी पडत होती, एवढंच.

भीमाबाईंच्या गावची डीपी जळाली होती, त्यामुळं लाईट नव्हती आणि सगळी भिस्त सेलवर होती. ताईनं आदल्या दिवशी बाजारातून सहा मोठे सेल आणले. दाजींनी ते पाकीट न फोडता माझ्या पिशवीच्या तळाशी ठेवलं.

"ते अडीअडचणीला राहू दे," ते म्हणाले. "जुने हायेत की. जरा ऊन दाखवलं की पुन्हा ताजे हुतात."

जुने सेल वर्षभराचे होते. ते दाजींनी पापडासारखे तीनदा गच्चीवर वाळवले होते, म्हणून त्यांना ते ताजे वाटत होते.

संगमनेरच्या एसटीत सगळं गाव सावलीच्या बाजूला बसायला धडपडत होतं. दाजींनी मला हाताला धरून उन्हाच्या बाजूला बसवलं. टेप माझ्या मांडीवर, आणि त्यांच्या मांडीवर रुमाल पसरून त्यावर सहा सेल. रस्ता वळला आणि ऊन पलीकडं गेलं, की दाजी उठून पलीकडच्या माणसाला जागा बदलून मागायचे. तो माणूस आनंदानं द्यायचा. मे महिन्यात ऊन मागून घेणारा प्रवासी त्याला रोज थोडाच भेटतो.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि माझ्या मांडीवरचं गाठोडं बघून थांबला.

"पाव्हणं, लेकराला जरा वारं लागू द्या," तो म्हणाला.

गाडी हसली. दाजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीवरची सुतळी आणखी आवळली आणि मला म्हणाले, "धूळ जाती आत."

अकोल्याहून जीप. जीपमध्ये चौदा माणसं, दोन शेळ्या आणि आमचा टेप. गचके बसू नयेत म्हणून दाजींनी तो दोन्ही हातांनी अधांतरी धरला होता. शेळ्यांना मीच धरलं.

भीमाबाई दारात उभ्या होत्या. गळ्याभोवती सुती फडकं गुंडाळलेलं. आवाज बसलेला होता, पण होता.

"आलास रं उत्तम," त्या म्हणाल्या. "पाव्हनं, लई दमला आसाल. चहा घ्या आन मंग लावा तुमचं यंत्र. माज्या आवाजाचा काय भरवसा न्हाई, सकाळी हाय, दुपारी न्हाई, आसं चाललंय त्याचं."

आंब्याच्या झाडाखाली घोंगडी टाकली. दाजींनी टेप ठेवला, सेल घातले, कोरी कॅसेट घातली. लाल दिवा लागला आणि दाजींनी घड्याळ बघितलं. टाइमकीपरच ते.

भीमाबाई गायला लागल्या. 'शाळेची पायरी चढ रं लेका, पायरी तुजीच हाय.' घसा खरखरत होता, पण सूर जागचा हलत नव्हता. दोन गाणी झाली, तीन झाली. मधे त्या पाणी प्यायच्या, डोळे मिटून पुढचं आठवायच्या. दाजी मान खाली घालून बसले होते. तात्यांच्या मयतीलाही त्यांना असं बसलेलं मी बघितलं नव्हतं.

चौथ्या गाण्याला लाल दिवा मंद झाला. मी हळूच पिशवीकडं बोट केलं. दाजींनी मान हलवली आणि भीमाबाई पाणी प्यायला थांबल्या तेव्हा कुजबुजले, "दिवा बारीक झाला म्हंजी करंट कमी खातोय. चांगलंच हाय की."

"दाजी, अडीअडचण म्हणजे आणखी काय असते?"

"परतीच्या वाटंला काय झालं तर?"

परतीच्या वाटेला काय होणार होतं, हे मला आजही कळलेलं नाही. पण पाकीट माझ्याच पिशवीत होतं. हात घालून सेल बदलले असते तर दाजी फार तर आठ दिवस बोलले नसते. तेवढंही मी केलं नाही, आणि त्याचा मला दाजींपेक्षा माझाच राग जास्त येतो.

कॅसेटची बाजू संपली तेव्हा दाजींनी घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदा हसले.

"तीस मिनिटांची बाजू, मास्तर. अडतीस मिनिटं बसली."

दोन मिनिटं उशीर करणाऱ्याला खडसावणारा हा माणूस, आठ मिनिटं फुकट मिळाल्याच्या आनंदात होता. कॅसेटच्या कंपनीनं एवढी दानत कधीपासून दाखवायला सुरुवात केली, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही पडला नाही. मास्तर असून.

एवढ्या गाण्यांनी भीमाबाईंचा आवाज पार बसला होता. दुसरी बाजू कोरीच राहिली. "ऐकून तरी बघू," मी म्हणालो.

"ऐकन्यात सेल जातील," दाजी म्हणाले. मग त्यांनी भीमाबाईंकडून केसांचा आकडा मागून घेतला आणि कॅसेटच्या पाठीवरचं प्लास्टिक टचकन तोडलं. ते तोडलं की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. "आता कुनी पुसू म्हनलं तरी पुसनार न्हाई."

गुरुवारी ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

महिन्याभरानं, माझी सुट्टी संपायच्या आत, भीमाबाई कोपरगावला राहायला आल्या. कॅसेट तोवर कपाटाच्या लॉकरमध्ये होती. झिजेल म्हणून दाजींनी ती एकदाही लावली नव्हती. आल्या दिवशीच भीमाबाईंनी कानाला हात लावला आणि कपाटाकडं बोट दाखवलं. दाजींनी सुतळी सोडली, पिशवी काढली, कव्हर काढलं, वायर लाईटच्या बोर्डात घातली. आम्ही सगळे गोल बसलो.

पहिलं गाणं नीट लागलं. दुसरं जरा घाईत वाटलं. तिसऱ्या गाण्यात भीमाबाई चाळिशीच्या झाल्या, चौथ्यात लग्नाच्या. दाजींची मुलगी प्रज्ञा ओढणी तोंडात कोंबून हसू दाबायला लागली. शेवटी त्यांनी पायरीचंच गाणं पुन्हा म्हटलं होतं, त्यात तर एक बारीक, किनऱ्या आवाजाची पोरगी भराभर म्हणत सुटली होती, 'पायरी तुजीच हाय, पायरी तुजीच हाय.'

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. सेल उतरत गेले तशी कॅसेट हळू फिरत गेली होती, आणि आता घरच्या करंटवर ती पूर्ण वेगानं पळत होती. ती आठ मिनिटं फुकट मिळालेली नव्हती. दाजींनाही ते कळलं. त्यांचा चेहरा बघवेना. ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं रजा टाकली, ती त्यानं स्वतःच्या हातानं घालवली होती, आणि वर प्लास्टिक तोडून पक्कीही केली होती. त्यांनी टेप बंद करायला हात पुढं केला.

भीमाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

गाणं संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. मग बसल्या जागी त्यांनी तळहात जमिनीपासून आपल्या डोक्याएवढा वर धरला, नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीला, आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मग दुसरा हात त्याच्या पुढं, खूप उंच धरला. तो भाऊ होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी बोट हवेत उलटं फिरवलं.

दाजींनी कॅसेट मागं फिरवली. त्या दिवशी ती चार वेळा लागली. झिजण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

भीमाबाईंना गावी पोचवायला आम्ही दोघं गेलो. डीपी अजून जळालेलीच होती. कोपरगावच्या स्टँडवर दाजींनी माझ्या पिशवीच्या तळाशी अजून तसंच पडलेलं नव्या सेलचं पाकीट काढलं, दातानं फोडलं आणि सहाच्या सहा नवे सेल टेपमध्ये घातले. टेप त्यांनी आत्याच्या मांडीवर दिला, कव्हराशिवाय. मग गाडीत चढून आत्यासाठी सावलीच्या बाजूची जागा धरली आणि स्वतःही तिथंच बसले.