वगळलेली ओळ

चेन्नईत असताना जवळजवळ वर्षभर मी दर शनिवारी तुरुंगात शिकवायला जात असे. गिंडीच्या आमच्या ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याने तिथल्या साक्षरता वर्गाशी माझी गाठ घालून दिली. बाकीच्यांचा वर्ग तमिळमध्ये चालायचा. माझ्या वाट्याला एकच विद्यार्थी आला, बीडकडचा हमाल, पंचेचाळिशीचा. ट्रकबरोबर चेन्नईजवळच्या ओरगडमला माल उतरवायला आला होता. तिथे भांडण झालं, ढकलाढकलीत एक माणूस पडून मेला, आणि हा आत आला. खटला उभाच राहिला नव्हता.

पहिल्याच दिवशी अधिकाऱ्यांनी माझ्या हातात एक पत्र ठेवलं. मराठी कुणाला वाचता येत नसल्याने ते कित्येक दिवस पडून होतं. मोठ्याने वाचा, भलतंसलतं काही नाही ना ते सांगा, म्हणाले. तो शेजारी उभा होता. भावाचं पत्र. पाऊस बरा आहे, पोरगी शाळेत जाते, आणि मग एक ओळ : आई वारली.

मी पुढच्या ओळीवर गेलो.

"आईचं काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"बरी आहे म्हणतात."

अनोळखी माणसांसमोर नको, पुढच्या शनिवारी एकट्याला सांगू, असं मी ठरवलं. पुढच्या शनिवारी तो पाटी पुसून तयार बसला होता. मग राहिलंच. तो मला भावासाठी पत्रं सांगायचा, त्यात आईला निरोप असायचा, गुडघ्याला तेल लाव म्हणून. ती वाक्यं मी लिहायचो नाही.

तो झपाट्याने शिकला. पुस्तकात नागरिकत्वाचा धडा होता. मत देणं हा माझा हक्क आहे, हे वाक्य त्याने दोनदा वाचलं.

"मला देता यील का मत?"

"आत असेपर्यंत नाही."

"मंग कशाला लिवायचं?"

"बाहेर गेल्यावर उपयोगी पडेल." मी म्हणालो. त्याने लिहिलं. ग्रामसभेत आपण नेहमी मागे बसायचो, सरपंच दाखवील तिथे अंगठा उठवायचो, हे त्याने हसत सांगितलं. ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो, विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, असं मी त्याला शिकवलं. आणि ते पत्र त्याला इतक्यात वाचता येऊ नये म्हणून एकदोनदा धडा मुद्दाम लांबवला, हेही खरं.

एका शनिवारी तो भावाचं ते पहिलं पत्र उघडून बसला होता. बोट ठेवून एकेक अक्षर लावत होता.

"आ... ई... वा... र... ली. मास्तर, ह्ये बराबर हाय का? का माझंच चुकतंय?"

"बरोबर वाचलंत."

त्याने पुन्हा एकदा त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आठ म्हयनं झालं. सुतक न्हाई पाळलं म्या. आन् तिला निरोप धाडत व्हतो."

"ते निरोप मी लिहिले नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पत्राची घडी घातली आणि उठून गेला.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी मी निरोप पाठवला, तेव्हा बराकीच्या दारापर्यंत आला. मी माफी मागितली. तुम्हाला धक्का बसेल असं वाटलं, म्हणालो.

"इचारलं की सांगावं लागतं, ह्ये तुमीच शिकवलंत. म्या इचारलं व्हतं."

आवाजात राग नव्हता.

त्यानंतर गावाकडून आणखी एक पत्र आलं. अधिकाऱ्यांनी मला बोलावलं, पण त्याने ते माझ्या हातात देऊ दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून स्वतःच वाचलं. काय होतं त्यात, ते मला कधीच कळलं नाही. मी आणखी महिनाभर जात राहिलो. तासभर रिकाम्या खोलीत बसायचो. मग ऑफिसात काम वाढलंय असं सांगून जाणं बंद केलं.

मी चेन्नई सोडली तेव्हाही त्याच्या खटल्याला तारीख लागली नव्हती.