उन्हात ठेवलेले सेल

रिमोट चालेना, म्हणून मी सवयीनं त्याचे सेल काढून खिडकीत उन्हात ठेवले. मुलगी हसली, “आई, यानं काय होतं?”

मला जाफराबादजवळचं आमचं अंगण आठवलं. विहिरींच्या पाहणीची माझी पहिली नोकरी होती आणि कचेरीनं तळहाताएवढा संगणक दिला होता. त्यातली टिपणवही माझी फार लाडकी. काडीनं काचेवर लिहिलं की अक्षरं उमटायची. बावीस विहिरींचं पाणी नोंदवून मी घरी आले. सकाळी बघते तर टिपणवही कोरी! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, रेडिओचे काढायचे तसे त्याचे सेल काढून उन्हात मांडले होते. सेल निघाले की त्यातलं सगळं पुसलं जातं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

“उतरून जातील म्हणून काढले, माय.” माझा चेहरा बघून त्यांनी टोपी घातली. “चल, माझ्याबराबर समद्या विहिरी परत फिरू.”

दोन दिवस त्यांच्या लुनावर फिरलो. प्रत्येक काठावर ते सांगायचे, ही कोणी खांदली, पाणी लागलं तेव्हा कोण नाचलं. पहिल्या यादीत नुसते आकडे होते. या वेळी मी सगळं लिहून घेतलं, आणि घरी येताच कागदावरही उतरवलं.

मुलगी अजून उत्तराची वाट बघत होती.

“थोडा जीव येतो,” मी म्हटलं.