आलासीच्या बॅनरवर पेंग्विन

आलासी गेली, आणि आमच्या साहेबांनी तिच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर पेंग्विन छापला.

पेंग्विन!

अहो, तो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतो. ही उत्तरेकडची, कॅनडाची. इनुइट शिल्पकार. दगडात आजच्या बायका कोरायची. स्नोमोबाइल दुरुस्त करणाऱ्या, दुकानातले भाव बघून तोंड वाकडं करणाऱ्या.

बॅनरवर नाव? 'एस्किमो लोककलावंत'. बस्स.

आंबागडच्या शिल्पशिबिरात ती आली, तेव्हा मी तिचा दुभाष्या होतो. माझ्याहून मोठी, म्हणून ताई म्हणायचो.

तिनं ग्राइंडर मागितला. वरठीहून आणून दिला. आयोजक साहेब नाराज! त्यांना फोटोसाठी हाडाची हत्यारं हवी होती.

तिनं दगडातून एक बाई काढली. तिच्या कोटाच्या पाठीमागच्या मोठ्या टोपीत बाळ. हातात मोबाइल.

साहेब म्हणाले, "मॅडम, पांढरं अस्वल करा ना. पब्लिकला तेच आवडतं."

ज्यांच्या घरी ती उतरली होती त्या देवकाबाई तिथंच बसल्या होत्या.
"काहून जी साहेब, तुमच्या घरी वाघ रायते काय?"

अख्खा मांडव हसला. मी इंग्रजीत सांगितल्यावर ताई हसली. सगळ्यांत उशिरा, सगळ्यांत जास्त.

तरी शेवटी पाटी लागलीच. 'एस्किमो लोककला'.

ताई म्हणाली, "ते नाव दुसऱ्यांनी दिलेलं. आम्ही इनुइट. आणि हे लोकांनी नाही, मी केलंय. माझं नाव लिहा."

साहेब "हो हो" म्हणाले. लिहिलं नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावरही नाही.

उद्या आपल्या झाडीपट्टीतला चित्रकार परदेशात गेला आणि तिथं कुणी त्याच्या हातात पुंगी देऊन नाग काढायला सांगितलं, तर चालेल? मग तेव्हा संस्कृतीच्या नावानं गळे काढू नका!

जेवताना ताईनं सांगितलं होतं, त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. नावाबरोबर नातंही देतात. आजीचं नाव मिळालं, की घरचे त्या पोरीलाच आजी म्हणतात.

आज देवकाबाईंना फोनवर बातमी दिली. त्यांनी तिथूनच सुनेला हाक मारून सांगितलं. मग म्हणाल्या,
"नातीचं बारसं हाय ना भाऊ. आलासीच नाव ठेवतो."
"सुनेला चालेल?"
"सूनच म्हनून राहिली."

साहेब, बॅनर उतरवा. तिचं नाव घेता येत नसेल तर बारशाला या. अख्खं गाव हाक मारून शिकवेल.

ताई, तुला निरोप कसला देऊ?

त्या तान्ह्या पोरीला मी ताईच म्हणणार आहे.