लुगड्यातून जन्मलेली वेणू

विचुंब्याची हौसा पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा घेऊन बसायची, तेव्हा तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरायचे. एखादा शेंग मोडून बघायला लागला की ही म्हणायची, "मोडा, मोडा! घरी बायको कायच मोडू देत नसंल तुमाला." झालं! शेजारच्या बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी पुढे करायचं. नवरा काळूराम तिच्या अगदी उलटा. कुणी नाव विचारलं तरी सांगायच्या आधी हौसाकडे बघणार. "सांग, सांग," ती म्हणायची, "तुजाच नाव हाय, मी काय घेनार नाय."

पण या बाईचं तोंड एका ठिकाणी बंद व्हायचं. कुणाच्या घरी बारसं असलं की. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पोटी मूल नाही. गाणी म्हणायला हौसा पाहिजे, भांडी घासायला हौसा पाहिजे, पण बाळ पाळण्यात घालायची वेळ आली की बायका तिच्यावरून नजर फिरवून दुसरीला हाक मारायच्या. ही आपली अंगणात जाऊन खरकटं काढत बसायची.

तिची धाकटी बहीण गोदू शिरढोणच्या बळीरामाला दिलेली. गोदूला पाठोपाठ पोरं. बहिणीचं हे असं बघवेना तिला. परत दिवस गेले तेव्हा ती हौसाकडे आली आणि म्हणाली, "बाय, येवढा तुजा."

"गोदू, भाजी हाय काय ती? येवढी वाटी तुमाला, येवढी आमाला?"

"थट्टा नको करू गो. तुजा म्हंजे तुजा."

मुलगी झाली. बळीरामाची काही हरकत नव्हती. मुलगीच तर होती.

आता गावात मूल ओटीत घालायची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गावदेवीच्या देवळात मूल देणारी आणि घेणारी समोरासमोर बसायच्या. घेणारीनं लुगडं सैल करायचं. सुईणीनं बाळाला तिच्या गळ्याशी आत घालायचं, पोटावरून खाली आणायचं आणि पायाशी झेलायचं. म्हणजे ते पोर तिनंच जन्माला घातलं. बाळंतपणच ते! तिथं गडीमाणसाचं काय काम? पुरुषांनी बाहेर, शेताकडे तोंड आणि देवळाकडे पाठ करून उभं राहायचं. एखाद्यानं मान वळवली तर म्हणे पोराला लाभत नाही.

तर काळूराम आणि बळीराम बाहेर पाठ करून विड्या ओढत उभे होते आणि आत भीमाबाई सुईण हौसाला दटावत होती, "कन गो, कन! कळा नाय आल्या तर पोर कशी येल?"

हौसा आधी खोटं खोटं कण्हली. बायका हसल्या, ती पण हसली. मग बाळाचं ऊन ऊन अंग तिच्या उघड्या पोटावरून सरकलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, ती खरीच ओरडली. दोन्ही हातांनी जमीन धरून ओरडली. गोदू रडत होती, भीमाबाई रडत होती, आणि पायाशी पोर.

तिचं नाव वेणू. पोरीनं हौसाची बोली उचलली. चालायला लागली तशी बाजारात आईच्या मांडीला टेकून बसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "मोरा, मोरा." हौसाला ती आये म्हणायची, गोदूला मावशे. गोदूच्या तोंडावर एक रेघ हलायची नाही. सणाला आली की ती वेणूच्या डोक्याला तेल घालायची, पण आधी हौसाला विचारायची, "घालू ना गो बाय?"

वेणू पाण्याचा हंडा कमरेवर पेलण्याएवढी झाली त्या साली गोदू बाळंतपणात गेली. मागे आधीची पोरं आणि एक तान्हं. बाराव्याला हौसा, काळूराम आणि वेणू शिरढोणला गेले. परत निघताना बळीराम दारात आडवा उभा राहिला.

"वेनू ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे की चार दिस," हौसा म्हणाली. "मग मी येतंव न्यायला."

"न्यायला येव नको. घरान बाईमाणूस नाय. या तान्ह्याला बघाचा कोनी?"

"बळीराम, ती माजी पोर हाय. गोदूनं माज्या ओटीन घातली."

"गोदूनं घातली असंल. मी कवा दिली? मी तर पाठ करून उभा व्हतो."

हौसाला पहिल्यांदा ही थट्टाच वाटली. मग तिनं वेणूचा हात धरला. बळीरामानं दुसरा धरला. पोर मध्ये ताणली गेली, किंचाळली, आणि हौसानं हात सोडला.

पंचांना विचारलं तर पंच म्हणाले, बापाची पोर बापाकडे, त्यात आम्ही काय बोलणार? मग हौसानं काळूरामाला पुढे घालून पनवेलच्या कोर्टात दावा लावला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत बसले.

"नवा कायदा आलाय, हौसाबाई. मूल द्यायचं बापानं आणि घ्यायचं तुमच्या नवऱ्यानं. बायकांची फक्त संमती लागते."

"आनि आमी दोघी जे केला ते?"

"ते कायद्यात नाही."

"जन्माला घालनं कायद्यान नाय?"

वकिलांनी काळूरामाकडे मान वळवली. "तुम्ही देवळात होतात. बळीरामानं पोर तुमच्या हातात दिली. एवढंच सांगायचं." मग हौसाला बजावलं, "आणि तुम्ही हो किंवा नाही. तिसरा शब्द नको. कराल एवढं?"

"करीन," हौसा म्हणाली. वेणूसाठी तिनं निखारासुद्धा जिभेवर धरला असता.

तारखेच्या दिवशी काळूरामाची साक्ष आधी झाली. हौसा बाहेर व्हरांड्यात. तो देवीला भिणारा माणूस, पण टोपी चुरगाळत खोटं बोलला. "मी आतच व्हतो. बळीरामानं पोर माज्या हातान दिली." बोलला बिचारा. जन्मात पहिल्यांदा त्यानं हौसाकडे न बघता काही सांगितलं.

मग हौसा उभी राहिली. हो. नाही. हो. छान चाललं होतं. समोरचा वकील हसरा, गोड बोलणारा. तो म्हणाला, "बाई, पोट तुमचं नाही, कळा तुमच्या नाहीत. दुसऱ्याची मुलगी नुसती उचलून आणलीत, असंच ना?"

"हो किंवा नाही," हौसाचा वकील खोकला.

पण हौसाच्या डोळ्यापुढे तो सगळ्या बारशांचा पाळणा आला असणार. "उचलून?" ती म्हणाली. "मी जन्माला घातली तिला! या पोटावरून आली ती. मी वरडले, भीमाबाईनं झेलली."

"असं? आणि काळूराम तिथं जवळच होता?"

"गडीमाणूस? बाळंतपनान?" बाजारातली हौसा जागी झाली होती, आता तिला कोण धरणार! "का वो सायेब, तुमची बायको बाळंत व्हत व्हती तवा तुमी व्हताव काय उशाशी दिवा धरून? आमचे गडी बाहेर शेताकडं तोंड करून उभे व्हते, दोगं पन. बघतील तं पोरीला लाभंल काय?"

सगळं कोर्ट हसलं. कारकून हसला, शिपाई हसला, न्यायाधीशसाहेबांनी सुद्धा तोंडावर हात धरला. हौसाही विजयानं इकडे तिकडे बघत होती. हसत नव्हते ते दोघंच. तिचा वकील, आणि भिंतीशी टोपी घट्ट धरून बसलेला काळूराम. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू तोंडावरच राहिलं.

"आणखी काही विचारायचं नाही," तो गोड वकील म्हणाला आणि खाली बसला.

निकाल लागला. बाप जिवंत असताना गोदूला मूल द्यायचा हक्क नव्हता, नवरा असताना हौसाला घ्यायचा हक्क नव्हता. ज्यांना होता त्यांनी ना दिलं ना घेतलं. काळूरामाची खोटी साक्ष साहेबांनी दम देऊन सोडून दिली. दोघं घरी निघाले. गाढी नदी ओलांडताना हौसा म्हणाली, "शिव्या तरी घाल रं." त्यानं तेवढंही केलं नाही.

शिमग्याला ती पुरणपोळ्या बांधून शिरढोणला गेली. वेणू ओट्यावर आली. कडेवर ते तान्हं, आता चांगलं जड झालेलं, त्यामुळे पोरीचं कंबरडं एका बाजूला वाकलेलं. राखेनं हात फुटले होते. "आये..." तिच्या तोंडून निघालं. मग तिनं घरात वळून बघितलं आणि म्हणाली, "मावशे, बस. पानी आनतंव."

हौसानं पाणी घेतलं. "केस कोन इंचरतंय?"

"माजी मी."

"नीट नाय जमत तुला. ये."

"नको," वेणू म्हणाली. "बापूस रागं भरंल."

त्यानंतर बाजारात हौसाच्या शेंगा कुणीही मोडून बघावं. टोपलीभर मोडा, ती बोलायची नाही. शेजारच्या बायका मुद्दाम तिला डिवचायच्या, जुनं काहीतरी काढायच्या. ती पैसे घ्यायची आणि सुटे द्यायची.

दोन-तीन पावसाळे गेले आणि गावात परत एका बाईच्या ओटीत मूल घालायचं ठरलं. हौसाला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. देवळाबाहेर दोन्ही गडी रीतीप्रमाणे पाठ करून उभे. आत घेणारीनं लुगडं सैल केलेलं, भीमाबाई बाळ उचलणार एवढ्यात हौसानं बाहेर जाऊन दोघांना दंडाला धरून फिरवलं आणि आत आणून उभं केलं.

"अगो, देवी कोपंल!" भीमाबाई ओरडली. "आनि या बाईची लाज?"

घेणारी बाई गडबडीनं अंग झाकायला लागली. तिनं नुकतीच कळा द्यायला सुरुवात केली होती, खोट्या खोट्या. ती रडवेली होऊन हौसाकडे बघत राहिली.

हौसानं बाळ गोदूसारख्याच दिसणाऱ्या त्याच्या आईच्या मांडीवरून उचललं, बापाच्या हातात ठेवलं आणि दुसऱ्या गड्याकडे बोट करून म्हणाली, "त्याला दे. बोलून दे. सगल्यांना ऐकू जाऊ दे."

तो दिला म्हणाला. दुसरा घेतला म्हणाला.

"आनि मी?" घेणारी बाई म्हणाली.

"तू पदर सावर," हौसा म्हणाली. "तुजा बाळंतपन नंतर."