मुद्देमालातली बोलकी पाटी

सायबर ठाण्यातली ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातल्या बहुतेकांची तोंडं आता आठवतही नाहीत. या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नव्हता. गुन्हा उघडकीला आला, आरोपी सापडला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी ती केस मी जिंकलो असं मला कधी वाटलं नाही. नाव कुणाचंच घेणार नाही. मुलीला तेवढं चिऊ म्हणतो, घरात तिला त्याच नावानं हाक मारायचे.

फिर्यादी उस्मानपुऱ्यात राहायचा. घरी बसून वेबसाइटी बनवणारा, अंगानं किडकिडीत, बोलताना समोरच्याकडं न बघणारा माणूस. चिऊ त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. तिला सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, पण जन्मापासून जीभ वळायची नाही, बोलता यायचं नाही. हातही एकच कामाचा. बापानं तिच्यासाठी टॅब्लेटवर एक पाटी बनवली होती. पाटीवर चित्रं. पाण्याच्या चित्राला बोट लावलं की आवाज यायचा, 'आई, पाणी दे.' आवाज तिच्या आईचाच. पाणी झालं की पुढची चित्रं आपोआप बदलायची: गार हवंय का, माठातलं का, अजून हवंय का. अशी एकातून एक शेकडो चित्रं त्यानं वर्षानुवर्षं रचली होती. पोरगी त्यावर भांडायचीसुद्धा. 'बाबा खोटं बोलतो' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पुढं त्यानं ती पाटी वेबसाइटवर टाकली, तशाच दुसऱ्या मुलांसाठी. इथं घोळ सुरू झाला. जो प्रोग्राम लोकांच्या ब्राउझरमध्ये चालतो, तो लोकांच्या मशीनवर पाठवावाच लागतो. ज्याला कळतं तो उघडून वाचतो आणि ज्याची नियत फिरलेली तो उचलून नेतो. तसं एकदा झालंही. कुणीतरी अख्खी पाटी उचलली, वरचं नाव बदललं आणि आपली म्हणून लावली.

त्याचा त्यानं इतका धसका घेतला, की ऑब्फस्केशनचं सॉफ्टवेअर विकत आणलं. मला हा शब्द उच्चारायलाच आठवडा लागला. हे सॉफ्टवेअर नीट लिहिलेल्या कोडचा पार काला करतं. नावं जातात, रचना जाते, उरतं ते मशीनला चालणारं आणि माणसाला न कळणारं अक्षरांचं भरताड. एकदा चटणी वाटली की त्यातून अख्खी मिरची परत निघत नाही, तसंच. शिवाय त्यात त्यानं तारखेचं कुलूप घातलं. ठरलेली तारीख उलटली की पाटी बंद. दर काही महिन्यांनी तो आपल्या मूळ कोडमध्ये तारीख पुढं ढकलायचा, नवा काला करायचा आणि साइटवर चढवायचा. चोरानं नेलं तरी चोराकडं ते टिकायचं नाही, हा हिशेब.

आणि वाचता येणारा मूळ कोड? तो त्यानं फक्त एका लॅपटॉपवर ठेवला. बाकी जुना कॉम्प्युटर, पेन ड्राइव्ह, इंटरनेटवरची साठवण, सगळीकडून स्वतःच्या हातानं पुसून टाकला. दुधानं तोंड पोळलं होतं ना, आता ताकही फुंकत होता.

माझ्याकडं तो आला तेव्हा हातात अर्ज होता. शहरातल्याच औरंगपुऱ्यातली एक छोटी कंपनी त्याची पाटी विकत होती म्हणे.

"कशावरून तुमचीच?" मी विचारलं.

"दिसते तशीच, चालते तशीच."

"चित्रं काय कुणीही लावील. आतला कोड सारखा आहे का?"

"आतलं दोन्हीकडं वाचता येत नाही, साहेब. पण आहे माझंच."

मी अर्ज ठेवून घेतला. खरं सांगायचं तर हसू आलं. घराला असं कुलूप लावलं, की घर आपलं आहे हेच सिद्ध करता येईना!

थोड्या दिवसांनी वेरूळचा एक जीपवाला ठाण्यात आला. लेण्यांवर पर्यटकांच्या खेपा करणारा दांडगा गडी. त्याचा मुलगाही न बोलणारा. त्यानं औरंगपुऱ्यातल्या कंपनीकडून पाटी घेतली होती आणि आता तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हात आपटत होता.

"साहेब, माझ्या पोराच्या मशिनमधी कुनीतरी बाई बसलीया! पोरानं लई डाव बोट मारलं का ती रागावती. त्या कंपनीवाल्याला म्हनलं, काढ तिला, तर तो म्हनतो निघत नाय. निघत नाय म्हंजे काय?"

ठाण्यात हशा पिकला. मी मात्र खुर्चीतून उठलो. "काय म्हणते ती बाई?"

"कुन्या चिऊला रागावती. आमच्या घरात कुनी चिऊ नाय."

त्याच दुपारी मी चिऊच्या आई-बापाला बोलावून घेतलं आणि जीपवाल्याला त्यांच्यासमोर पाण्याच्या चित्रावर बोट मारत राहायला सांगितलं. टक टक टक. आणि टॅब्लेटमधून आवाज आला, 'चिऊ, बस झालं आता, सांडशील!'

चिऊच्या आईनं पदर तोंडाला लावला. "माझाच आवाज हाय, साहेब. ती लई पाणी मागायची, म्हणून यांनी रेकॉर्ड केलं होतं."

दुसऱ्यांना पाटी देताना आपापल्या आईचा आवाज भरायची सोय होती, पण हे एक वाक्य काढायचं बापाकडून राहून गेलं होतं. चोरानं काला जसाच्या तसा उचलला. आत काय आहे हे त्यालाच वाचता येत नव्हतं, मग काढणार काय? फिर्याद नोंदवली, माहिती तंत्रज्ञान आणि कॉपीराइट कायद्याची कलमं लावली आणि औरंगपुऱ्यात गेलो.

आरोपी म्हणजे त्या कंपनीचा मालक, तिशीचा, गोड बोलणारा. समोर बसवला तर म्हणाला, "सर, ये तो मैंनेच लिखा है."

"वा! मग हे काय लिहिलंय ते वाचून दाखव."

"सर, प्रोटेक्शनसाठी स्क्रॅम्बल केलंय. आता मलाही वाचता येणार नाही."

"मूळ कुठं आहे?"

"डिलीट हो गया."

"आणि ही चिऊ कोण?"

मी चौकशीत कधी घाई करत नाही. माणसाला शिव्यांपेक्षा शांतता जड जाते, हा माझा अनुभव. मी चहा मागवला, माझा प्यालो, त्याचा तसाच निवू दिला. शेवटी त्यानं पवित्रा बदलला. "सर, ब्राउझरमध्ये सगळ्यांनाच मिळतं ते. चोरी कशी? जे उघड्यावर होतं ते घेतलं."

"तुझ्या घरची लुगडी गच्चीवर उघड्यावरच वाळतात ना? उद्या कुणी नेली तर चालेल?"

त्यानं मान खाली घातली. कबुली आली, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. कोर्टात टिकेल असा पक्का पुरावा एकच होता. फिर्यादीकडं त्या काल्याचा वाचता येणारा मूळ कोड होता, आरोपीकडं नव्हता. म्हणजे फिर्यादीचा लॅपटॉप जप्त करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवणं आलं.

पंचनाम्याच्या वेळी आमच्या महिला हवालदारानं त्याला स्पष्ट विचारलं, "भाऊ, एक कॉपी काढून घरी ठेवता का? आत्ता पंचांसमोर काढा."

"नको, ताई. कॉपी म्हणजे चोराला अजून एक दार."

"अहो, परत मिळायला वेळ लागतो."

"लागू द्या. पोलिसांच्या कपाटातून कोण चोरणार?"

लॅपटॉप कापडात गुंडाळला, दोरा बांधला, लाख लावली, पंचांच्या सह्या झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माणूस मोकळेपणानं हसला.

आरोपीला नोटीस देऊन सोडलं. शिक्षा कमी असलेल्या गुन्ह्यात अटक करायची नाही, असा कायदा आहे आणि तो मोडायचा मला अधिकार नाही. लॅपटॉप प्रयोगशाळेत गेला. तिथं आधीच्या गुन्ह्यांच्या मुद्देमालाची रांग. मोबाइल, हार्ड डिस्क, खुनातले, बलात्कारातले. पाटीची केस कोण आधी घेणार?

मग एक दिवस चिऊचा बाप धावत आला. चेहरा पांढराफटक. "साहेब, तारीख उलटली. पाटी बंद पडली."

"टॅब्लेटचं घड्याळ मागं घ्या की."

"चोर तेच करील म्हणून तारीख मी इंटरनेटवरून घेतली होती. घड्याळाचं ती ऐकत नाही."

"मग तो काला फोडा. तुम्हीच बनवलाय ना?"

"फुटू नये म्हणूनच बनवलाय, साहेब." आणि तो माझ्या टेबलासमोर उभ्या उभ्या रडायला लागला.

त्याच आठवड्यात जीपवाल्याचाही फोन आला. त्याच्याही पोराची पाटी गेली होती. चोरलेल्या काल्यात तेच कुलूप होतं.

मी प्रयोगशाळेला स्मरणपत्रं पाठवली, स्वतः गेलो, हात जोडले. तिथले साहेब सज्जन होते. "रांग मोडता येत नाही," म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. लॅपटॉप ताब्यात मिळावा म्हणून बापानं कोर्टात अर्ज केला, आम्ही ना हरकत दिली. आरोपीच्या वकिलानं हरकत घेतली. तपासणीआधी लॅपटॉप फिर्यादीच्या हातात गेला तर तो त्यात हवं ते घुसवील, असं वकिलाचं म्हणणं. कायद्यानं तेही बरोबर होतं. अर्ज फेटाळला.

तोवर बाप दुसऱ्या मशीनवर आठवेल तशी नवी पाटी रचत होता. पहिल्या पानाचे फोटो होते तेही जुने, जागा बदलण्याआधीचे, आणि त्यामागची शेकडो चित्रं कशातून काय उघडतं ते त्यालाही पाठ नव्हतं. मी एकदा घरी गेलो तेव्हा चिऊ त्या नव्या पाटीवर बोट लावत होती. तिला चित्रं नाही, जागा पाठ होत्या. आपण अंधारात बटण शोधतो तसं तिचं बोट जायचं. पाण्याच्या जागी बोट लावलं तर आवाज आला, 'आई, झोप आली.' तिनं परत लावलं. 'आई, झोप आली.' तिनं तो टॅब्लेट भिंतीवर फेकला आणि स्वतःचा हात चावायला लागली. मनगटावर दातांचे आधीचे व्रण होतेच.

आई माझ्यावर धावूनच आली. "चोर औरंगपुऱ्यात मोकळा फिरतोय अन् माझ्या लेकीचं तोंड तुम्ही कपाटात कोंडून ठेवलंय! कसला न्याय म्हणायचा ह्यो? सांगा की!"

नवरा तिला आवरायला लागला. मी म्हणालो, "बोलू द्या त्यांना." दुसरं काय म्हणणार?

वर्ष उलटून गेलं. अहवाल आला, आमच्या बाजूनं आला. मूळ कोड फिर्यादीचाच. दोषारोपपत्र दाखल केलं. मग कोर्टाच्या हुकमानं लॅपटॉप बंधपत्रावर परत मिळाला. सील फोडायला मी स्वतः थांबलो आणि बापाला माझ्या गाडीतून घरी सोडलं. रस्ताभर तो लॅपटॉप छातीशी धरून बसला होता.

लॅपटॉप चालू झाला. त्यानं तारीख बदलली, नवा काला केला, चढवला. पाटी उघडली. तीच चित्रं, त्याच जागा. आईनं टॅब्लेट चिऊपुढं धरला. "बघ गं चिऊ, बघ, आली तुझी पाटी. बोल की."

चिऊनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईनं तिचं बोट धरून पाण्यावर ठेवलं. 'आई, पाणी दे.' पोरीनं बोट काढून घेतलं. आई तिचं बोट ठेवत राहिली, आवाज येत राहिला, 'आई, पाणी दे, आई, पाणी दे,' आणि शेवटी टॅब्लेटमधून तिचाच आवाज तिलाच रागावला, 'चिऊ, बस झालं आता, सांडशील!' तेव्हा त्या माऊलीनं टॅब्लेट खाली ठेवला.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा शिकेल, वेळ द्या. वेळ दिला. मी निवृत्त झालो. केस अजून तारखांवर आहे. आरोपी मागं गुलमंडीच्या बाजारात भेटला, 'नमस्ते सर, तबियत कैसी है?' म्हणाला. आता तो दुसरंच काहीतरी विकतो.

लोक विचारतात, या केसनं काय शिकवलं? दुसऱ्या केसेसमध्ये उत्तर असतं. अमुक चुकला, तमुकानं हलगर्जी केली, पुढं सांभाळा. इथं मी पुन्हा पुन्हा कागद वाचले. प्रयोगशाळा नियमानं चालली, कोर्ट नियमानं चाललं, मी नियमानं चाललो. बापानं आपलं राखायला कुलूप घातलं, त्यातही काय चूक? चोर सोडून कुणाच्या कानाखाली वाजवावी, हेच मला अजून कळलेलं नाही, आणि चोराला वाजवूनही काही परत येणार नाही. तरुण अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की मुद्देमालाला सील लावताना ती वस्तू आज रात्री कुणाच्या घरात लागणार आहे ते विचारा. फिर्यादी नको म्हणाला तरी दोनदा विचारा. तेही पुरेल याची मला खात्री नाही.

मागच्या दिवाळीला फराळाचं घेऊन गेलो होतो. चिऊ खिडकीशी बसली होती. मोठी झालीय. करंजी पुढं केली, तिनं ना हात पुढं केला ना मान हलवली. मी आईला विचारलं, "आता पाणीबिणी हवं असलं तर कसं सांगते?"

"सांगत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "आम्हीच वेळ बघून पाजतो. तिनं मागायचंच सोडलंय."