पुसलेले शोधशब्द

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. दिल्ली पोलिसांत तेव्हा मी इन्स्पेक्टर होतो. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमच्या ठाण्यात पहिला संगणक आला होता. तो चालवायला आलेला तरुण सब-इन्स्पेक्टर वरिष्ठांच्या गळ्यातला ताईत झाला. वीस वर्षं मी खबरी जोडले, हद्दीतले चोर तोंडपाठ केले, आणि शाबासकी कालच्या पोराला! खरं सांगतो, मी जळत होतो.

अशात दिल्लीतल्याच मुनिरका वस्तीजवळच्या एका खाजगी संस्थेची तक्रार आली. मुघल दरबारातल्या मराठ्यांच्या वकिलांनी दिल्लीहून धाडलेली जुनी पत्रं तिथं कापडी रुमालांत बांधून ठेवली होती. त्यांचे फोटो संगणकावर चढवून प्रत्येक पत्राला गावाचे, माणसांचे, विषयाचे शोधशब्द जोडत. शब्द टाइप केला की पत्र आणि रुमालाचा नंबर समोर येई. पण पाहुण्यांना दाखवायचं सर्वांत मोलाचं पत्र कुठल्याच शब्दाला येईना, आणि शेकडो रुमालांतून ते काढायचं कुठून तेही कळेना. आठवड्यापूर्वी येत होतं. संचालकबाईंचं म्हणणं, कुणीतरी पत्र चोरलं आणि माग लागू नये म्हणून शब्द पुसले. आमच्या सब-इन्स्पेक्टरनं दहा मिनिटांत शोधून काढलं की शब्द एका विद्यार्थ्याच्या पासवर्डनं पुसले गेलेत.

हा मुलगा लातूरकडचा. मुनिरक्यात खोली घेऊन नागरी सेवा परीक्षेची तयारी करायचा आणि संस्थेत शोधशब्द भरायचा. लेखी पास झाला होता, मुलाखत बाकी होती. गुन्हा दाखल झाला असता तर चारित्र्य पडताळणीतच त्याचा निकाल लागला असता. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "सर, पासवर्डची चिठ्ठी टेबलालाच चिकटवलेली असते. मी पत्र घेतलं नाही." चोराकडे याहून बरी गोष्ट तयार असते, हा माझा अनुभव. गुन्हा नोंदवण्याआधी मी संचालकबाईंकडून दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा शिपाई ठाण्यात आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, सूचीवाले काका एरवी त्या मशीनला हात लावत नाहीत, पण गेल्या आठवड्यात जेवायची अख्खी सुट्टी तिथंच बसले होते.

काका म्हणजे दिल्लीतच वाढलेले मराठी गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी त्या संग्रहाची सूची हातानं लिहिली. पूर्वी अभ्यासक त्यांच्या टेबलापाशी ताटकळायचे. आता लोक 'नमस्कार काका' म्हणून थेट संगणकाकडे जात.

मी त्यांना दरडावलं नाही. संग्रहाच्या खोलीतच चहा मागवला आणि त्या मुलाचं कौतुक सुरू केलं. काय हुशार पोरगा, तीन महिन्यांत सगळे रुमाल पाठ, आता इथं दुसऱ्या कुणाची गरजच काय! काकांनी कप खाली ठेवला.

"पाठ? त्याला?" म्हणत ते उठले, मधल्या मांडणीवरचा एक रुमाल काढला, गाठ सोडली आणि ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. ते आपल्या जागीच होतं.

आपण काय केलं, ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "चोरी नाही केली साहेब. फक्त शब्द काढले. वाटलं, मशीनला सापडलं नाही की मला विचारतील. दो मिनट का काम था. कुणी विचारलंच नाही, सरळ तुम्हाला बोलावलं."

शब्द भरायचे आणि पुसायचे कसे, हे त्यांना त्या मुलानंच हौसेनं शिकवलं होतं. त्याच पोराचं आयुष्य पणाला लागलं तरी गप्प का राहिलात, असं मी विचारलं. त्यांनी पत्र पुन्हा रुमालात बांधलं. मग म्हणाले, "एक दिवस वाटलं, जाऊ दे त्याला. बस, एकच दिवस."

पत्र जागेवर मिळाल्याची डायरीत नोंद करून मी प्रकरण मिटवलं. काकांनी मुलाची माफी मागितली आणि त्याच्या शेजारी बसून सगळे शब्द पुन्हा भरून दिले. मुलगा पुढे अधिकारी झाला.

काकांना बरोबर ओळखलंत, म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. त्यांना काय सांगणार? काकांपुढे मी जे बोललो, तेच या वरिष्ठांनी आमच्या सब-इन्स्पेक्टरबद्दल माझ्यासमोर म्हटलं होतं. कुठं झोंबतं ते मला पक्कं ठाऊक होतं. जळणाऱ्या माणसाला सहसा कुणाचं वाटोळं करायचं नसतं, आपल्यालाही कुणी विचारावं एवढंच हवं असतं. वाटोळं मात्र होऊन बसतं.

हद्दीतल्या गुन्हेगारांची माझी एक वही होती. संगणकात भरायला सब-इन्स्पेक्टर ती महिनाभर मागत होता आणि मी सापडत नाही म्हणून सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मी त्याच्या टेबलावर ठेवली. त्याआधी तिच्यातली चार पानं फाडून घेतली, तेवढ्यासाठी तरी तो मला विचारायला येईल म्हणून. ती अजून माझ्या कपाटात आहेत.